वाटाण्याच्या पिठापासून मांसासारख्या धाग्यापर्यंत : पर्यायी प्रथिनांवर प्रक्रिया कशी करावी

माझ्या टेबलावर दोन बरण्या आहेत. दोन्हींत पिवळ्या वाटाण्याच्या प्रथिनांची पावडर आहे आणि दोन्हींच्या तपासणी अहवालात ८५ टक्के प्रथिने असेच लिहिले आहे. पहिल्या बरणीतली चमचाभर पावडर पाण्यात ढवळली की पाणी दुधाळ होते आणि तसेच राहते. दुसरीतली ढवळली तर पाच मिनिटांत तळाशी बारीक वाळूसारखा थर बसतो, वर जवळजवळ नितळ पाणी. ही दुसरी पावडर मी सुरुवातीच्या दिवसांत केलेली. धान्य तेच होते, यंत्रेही तीच. फरक दोनच गोष्टींत पडला होता : साका, म्हणजे आम्ल घालून तळाशी बसवलेली प्रथिने, आम्लात रात्रभर पडून राहिला होता, आणि वाळवताना ड्रायरमधून बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या वर गेली होती. टक्केवारीत याचा मागमूसही लागत नाही. त्या पावडरीपासून पेय करायला गेलात तर मात्र पहिल्या घोटातच जिभेला कळते.

कडधान्यातून प्रथिने वेगळी काढणे फारसे कठीण नाही. ती धड अवस्थेत काढणे आणि काढताना जे उरते ते गटारात न घालवणे, हे कठीण. पर्यायी प्रथिने, म्हणजे मांसाच्या जागी वापरायची प्रथिने, पर्यावरणाला सोसवणारी आहेत की नाहीत, हे शेतात निम्मेच ठरते. उरलेले निम्मे ठरते पाण्याच्या टाकीत, ड्रायरमध्ये आणि उरलेल्या चोथ्याचे तुम्ही काय करता यात.

पुढचे सगळे १० किलो पिठाच्या बॅचचे आहे. एवढ्या मापात चुका परवडतात आणि आकडे मोठ्या यंत्रणेपर्यंत नेता येतात. कच्चा माल म्हणून पिवळा वाटाणा घेतला आहे, कारण शिकायला तो सर्वांत सोयीचा. त्यात प्रथिने साधारण २० ते २५ टक्के असतात आणि तेल एक-दोन टक्केच, त्यामुळे आधी तेल काढण्याची पायरी लागत नाही. सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर, ३६ ते ४० टक्के. पण तेलही २० टक्क्यांच्या आसपास. ते काढायला बहुतेक कारखाने हेक्झेन वापरतात, आणि तो ज्वलनशील द्रव छोट्या जागेत हाताळणे धोक्याचे. शिवाय वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात, म्हणून खत कमी लागते.

आधी ठरवा : शुद्धता किती हवी?

बहुतेक नवखे थेट ८५ टक्क्यांच्या ‘आयसोलेट’कडे, म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिनांच्या पावडरीकडे, धावतात. माझे मत स्पष्ट आहे : पदार्थाला गरज नसेल तर तिकडे जाऊच नका. भाजलेल्या पदार्थात, सूपमध्ये, जाडसर मिश्रणात ५० ते ६० टक्के प्रथिनांची पावडर उत्तम चालते आणि ती पाण्याचा एक थेंबही न वापरता मिळते.

वाटाण्यातले पिष्टाचे कण साधारण २० ते ३० मायक्रॉनचे, तर प्रथिनांचे कण १ ते ३ मायक्रॉनचे. दाणा इतपत बारीक दळायचा की हे कण एकमेकांपासून सुटतील, पण पिष्टाचे कण फुटणार नाहीत. मग ते पीठ हवेच्या झोतात घालून हलके-जड वेगळे करायचे. धान्य पाखडताना जे घडते तेच इथे घडते, फक्त मायक्रॉनच्या मापात. या यंत्राला एअर क्लासिफायर म्हणतात. हलक्या भागात ५० ते ६० टक्के प्रथिने येतात, जड भागात बहुतांश पिष्ट. उष्णता नाही, आम्ल नाही, सांडपाणी नाही, आणि प्रथिनांची घडी जशीच्या तशी. तोटा एवढाच की कडधान्याचा कच्चट वास आणि फायटेटसारखे, खनिजांचे शोषण रोखणारे घटकही या हलक्या भागात जमा होतात.

पारदर्शक किंवा दुधासारखे पेय, चवीला सौम्य पावडर किंवा घट्ट जेल हवे असेल, तरच पाण्याची पद्धत धरा. पुढच्या पायऱ्या तिच्याच आहेत.

दाणा, साल आणि दळण

जुना, ओल लागलेला, किडका दाणा घेऊ नका. खराब साठवणीत दाण्यातल्या स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण होते आणि हेक्झनालसारखी द्रव्ये तयार होतात. कच्च्या गवतासारखा जो वास येतो तो यांचाच. एकदा तो प्रथिनांना चिकटला की धुऊन जात नाही. या वासामागे मुख्य हात लिपॉक्सिजिनेज या विकराचा, आणि दाणा दळून ओला केला की तो जोरात कामाला लागतो. म्हणून दळण आणि भिजवण यांत दिवस जाऊ देऊ नका. सकाळी दळलेले पीठ त्याच दिवशी पाण्यात जावे.

साल आधी काढून टाका. सालीत मुख्यतः तंतू, आणि रंगीत सालीच्या जातींत टॅनिनही. तो भाग प्रथिनांसोबत आला तर पावडर काळपट पडते. सोललेली डाळ गार गिरणीत दळा. पीठ हाताला गरम लागत असेल तर दळण थांबवून गिरणी निवू द्या. दळण्याच्या खोलीत धूळ साचू देऊ नका, ठिणगी किंवा उघडी ज्योत अजिबात नको. हवेत तरंगणारे कोरडे पीठ स्फोटासारखे पेट घेते, मग ते कोणत्याही धान्याचे असो.

प्रथिने पाण्यात उतरवणे

वाटाण्यातली बहुतेक प्रथिने ग्लोब्युलिन गटातली. पाणी थोडे अल्कधर्मी झाले की त्यांच्यावर ऋण भार येतो, ती एकमेकांना दूर लोटतात आणि विरघळतात. पिष्ट आणि तंतू विरघळत नाहीत. सगळी पद्धत या एका फरकावर उभी आहे.

१० किलो पिठाला १०० लिटर पाणी घ्या, २० ते २५ अंश सेल्सिअसचे. पाणी ढवळत ठेवून पीठ थोडे थोडे टाका. एकदम ओतलेत तर गुठळ्या होतील आणि त्यांच्या पोटातले पीठ शेवटपर्यंत कोरडे राहील. दहा मिनिटांनी सामू म्हणजे पीएच मोजा, तो ६.५ च्या आसपास असतो. आता १ मोलर कॉस्टिक सोड्याचे द्रावण बारीक धारेने सोडत तो ८.५ ते ९ पर्यंत आणा. हे द्रावण करायला फूड ग्रेड सोडा ४० ग्रॅम घेऊन पाण्यात विरघळवायचा आणि एकूण द्रावण १ लिटर करायचे. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचे नाही. हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच.

सामू आणखी वाढवला तर उतारा वाढतो, आणि इथेच मोह होतो. ११ वर नेले तर आणखी प्रथिने सुटतील हे खरे, पण तीव्र अल्कलीत सिस्टीन आणि लायसीन या अमिनो आम्लांतून लायसिनोअलॅनीन नावाचे बंध तयार होतात. लायसीन कमी होते, पचन बिघडते, रंग गडद होतो. हातात जास्त पावडर येईल, पण पोषणात ती हलकी असेल. मी ९ च्या पुढे जात नाही.

४५ ते ६० मिनिटे ढवळा. दर दहा मिनिटांनी सामू पाहा, तो हळूहळू खाली सरकतो. पुन्हा ९ वर आणा. सामूमापकाची कांडी या द्रवात पंधरा-वीस मिनिटे राहिली की तिच्यावर प्रथिनांचा न दिसणारा पापुद्रा चढतो आणि आकडा चुकू लागतो. प्रत्येक बॅचआधी ४, ७ आणि १० च्या द्रावणांत ती तपासून घ्या आणि आठवड्यातून एकदा पेप्सिन घातलेल्या सौम्य आम्लात बुडवून साफ करा. आमच्याकडे ‘आज साका नीट बसत नाही’ ही तक्रार जितक्या वेळा आली, तितक्यांपैकी बहुतेक वेळा दोष या कांडीचा निघाला.

जाता जाता : सामूची मोजपट्टी सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, आणि नायट्रोजन मोजून प्रथिने ठरवण्याची केल्डाल यांची पद्धतही १८८३ मध्ये तिथलीच. मद्याच्या कारखान्याने उभारलेल्या एका प्रयोगशाळेच्या या दोन साधनांवर आजही आपले सगळे काम चालते.

आता हे सारे सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे वेगाने फिरवून जड-हलके वेगळे करणाऱ्या यंत्रातून, काढा. तळाशी पांढरा पिष्टाचा थर, त्यावर मळकट चोथा, आणि वर किंचित पिवळसर दुधाळ निवळी. प्रथिने या निवळीत आहेत. तळाच्या थराला ४० लिटर पाणी घालून, सामू पुन्हा ९ करून, अर्धा तास ढवळा आणि परत वेगळे करा. ही दुसरी निवळी पहिलीत मिसळा, किंवा त्याच दिवशी दुसरी बॅच लागणार असेल तर पहिल्या पाण्याच्या जागी ती वापरा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, त्यात ४० लिटर ताजे पाणी वाचते. पण ती दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका. कोमट, पौष्टिक, आम्ल नसलेले पाणी जिवाणूंना आमंत्रणच असते, आणि कडधान्यावरच्या मातीतून आलेले बॅसिलस सिरियसचे बीजाणू नंतरच्या सौम्य उष्णतेलाही दाद देत नाहीत. मधे थांबावे लागले तर निवळी ताबडतोब ४ अंशांपर्यंत गार करा.

साका पाडणे : घाई इथे नको

आता उलटा प्रवास. सामू ४.५ ला आणला की वाटाण्याच्या ग्लोब्युलिनवरचा एकूण भार शून्याजवळ येतो, ती एकमेकांना दूर लोटायची थांबतात आणि गोळा होऊन खाली बसतात. सोयाबीनचाही हा बिंदू ४.५ च्या आसपासच आहे.

१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, फूड ग्रेड, अगदी बारीक धारेने सोडा. ढवळणी संथ असू द्या. ६ पर्यंत फारसे काही दिसत नाही. ५.५ च्या खाली द्रव घट्टसर आणि शुभ्र होतो, ५ च्या आत दूध नासल्यासारख्या कण्या दिसू लागतात, आणि ४.५ ला पातेल्याच्या कडेने पाहिले तर कण्यांच्या मधले पाणी पिवळसर स्वच्छ दिसते. हे स्वच्छ पाणी दिसणे माझ्या लेखी मापकाच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे. आम्ल एकाच जागी भसकन ओतले तर तिथला सामू क्षणभर २ वर जातो, तिथली प्रथिने उलगडतात आणि त्यांच्या घट्ट गाठी पुढे कशानेही सुटत नाहीत. ढवळणीही फार जोरात नको. कण्या फुटून इतक्या बारीक होतात की सेंट्रिफ्यूजलाही त्या पकडता येत नाहीत.

अर्धा तास संथ ढवळून लगेच वेगळे करा. माझी रात्रभर ठेवण्याची चूक इथली. आम्लात साका जितका जास्त वेळ राहील तितका तो आवळत जातो. वेगळा झालेला साका ताज्या चक्क्यासारखा दिसतो. त्याला ४.५ सामूच्या २० लिटर पाण्याने एकदा धुवा, म्हणजे क्षार आणि विरघळलेली साखर निघून जाते. मग थोड्या पाण्यात घोटून, सोड्याचे द्रावण घालत, सामू ७ वर आणा. घट्ट साका पुन्हा वाहता, मऊसर द्रव होतो.

सोडा आणि आम्ल एकत्र आले की मीठ तयार होते, आणि त्यातले काही पावडरीत उरते. सोडियम कमी ठेवायचे असेल तर शेवटच्या पायरीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरता येते.

जंतू कमी करण्यासाठी आता थोडी उष्णता द्यावी लागते. दुधासाठी वापरतात ते ७२ अंशांना १५ सेकंद ही फक्त सुरुवात समजा. तुमच्या द्रवासाठी किती वेळ पुरेसा हे जंतूंची तपासणी करूनच ठरवावे लागेल. फार तापवलेत तर प्रथिने इथेच जेल होऊन बसतील आणि नळ्या तुंबतील.

वाळवणे : सगळी ऊर्जा इथे जाते

१ किलो पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. तेच पाणी वाफ करायला आणखी २,२५७ किलोज्यूल. जवळजवळ सातपट. म्हणून जे पाणी सेंट्रिफ्यूजने निघू शकते ते ड्रायरकडे पाठवू नये.

आपल्या बॅचचा हिशेब मांडू. पीठ १० किलो, त्यात २२ टक्के म्हणजे २.२ किलो प्रथिने. दोन उताऱ्यांत साधारण १.८ किलो पाण्यात आली. साक्यात त्यातली सुमारे १.४५ किलो पकडली गेली. ८५ टक्क्यांच्या हिशेबाने ही १.७ किलो पावडर. ती करणारा द्रव १५ टक्के घन असेल तर तो १०.८ किलो भरतो आणि सुमारे ९ किलो पाणी उडवावे लागते. तोच २० टक्के घन ठेवला तर द्रव ८.१ किलो आणि उडवायचे पाणी ६.४ किलो. केवळ घट्टपणा वाढवून वाळवण्याचे जवळजवळ ३० टक्के काम वाचले. मर्यादा चिकटपणाची, २० च्या पुढे द्रव फवारणीच्या तोंडातून नीट फुटत नाही.

स्प्रे ड्रायर द्रवाचे बारीक थेंब गरम हवेत फवारून वाळवतो. त्यात आत येणारी हवा १८० ते १९० अंशांची चालते, कारण थेंबातून पाणी उडत असेपर्यंत थेंब स्वतः गारच असतो. लक्ष ठेवायचे ते बाहेर पडणाऱ्या हवेवर. ती ८० ते ९० च्या दरम्यान हवी. ती वर गेली म्हणजे कोरडे झालेले कण आता भाजले जात आहेत. प्रयोगशाळेत थोडा माल असेल तर गोठवून वाळवणारा फ्रीझ ड्रायर प्रथिनांना सर्वांत कमी धक्का लावतो, पण ऊर्जेच्या हिशेबात रोजच्या उत्पादनाला तो नाकापेक्षा मोती जड ठरतो.

पावडर ५-६ टक्के ओलाव्यावर थांबवा आणि गार झाल्यावरच हवाबंद भरा. गरम भरलीत तर पिशवीच्या आत दव धरते. जलक्रियता, म्हणजे जंतूंना वापरता येईल अशा पाण्याचे माप, ०.६ च्या खाली असली की बुरशी वाढत नाही. साल्मोनेला वाढत नसला तरी कोरड्या पावडरीत महिनोन् महिने जिवंत राहतो, म्हणून वाळवल्यानंतरच्या खोलीत ओले काम अजिबात नको.

उरलेल्याचे काय?

हा भाग लोक सर्वांत घाईने उरकतात आणि मला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. १० किलो पिठातून १.७ किलो पावडर मिळाली. मग ८ किलोंहून जास्त अन्न कुठे गेले?

त्यातले सुमारे साडेचार किलो पिष्ट. धुऊन वाळवले तर ते स्वतंत्र माल आहे. वाटाण्याच्या पिष्टात अमायलोज हा सरळ साखळीचा घटक जास्त असतो, त्यामुळे त्याचे जेल कणखर होते. चोथ्यातले तंतू पाणी छान धरून ठेवतात. पुढे धागेदार पदार्थ करताना दोन-तीन टक्के घातले तर तो रसदार राहतो. उरते साक्यावरचे पिवळसर पाणी. त्यात अल्ब्युमिन गटातली प्रथिने आहेत, कारण ती ४.५ ला बसत नाहीत. शिवाय शर्करा आणि क्षार. हे पाणी तसेच सोडले तर ओढ्यातला प्राणवायू खाते. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पडद्याने अल्ब्युमिन वेगळी काढता येतात आणि त्यांचा फेस चांगला होतो. पडदा नसेल तर या पाण्यावर यीस्ट वाढवता येते, किंवा ते बायोगॅस संयंत्राला देता येते. यातला एकही मार्ग ठरवला नसेल तर पहिली बॅच लावू नका.

पावडर खरी कशी ओळखायची

आधी टक्केवारीची मेख समजून घ्या. केल्डाल पद्धत नायट्रोजन मोजते, प्रथिने नाही. त्या आकड्याला ६.२५ ने गुणण्याची रीत आहे. नायट्रोजन १३.६ टक्के आला तर ६.२५ ने ८५ टक्के होतात. पण वाटाण्याच्या प्रथिनांची घडण पाहता खरा गुणक ५.४ च्या आसपास येतो, आणि त्याने तीच पावडर ७३ टक्क्यांची ठरते. फसवणूक नाही, संकेत आहे. मात्र दोन पावडरींची तुलना करताना गुणक एकच आहे का हे पाहा.

विद्राव्यता पाहायला ९९ ग्रॅम पाण्यात १ ग्रॅम पावडर, सामू ७, तासभर ढवळणे, मग सेंट्रिफ्यूज. वरच्या पाण्यातली प्रथिने आणि एकूण प्रथिने यांचे गुणोत्तर काढा. यंत्र नसेल तर उंच काचेच्या नळीत तासभर उभे ठेवून तळाच्या थराची उंची मोजा. बॅचमागून बॅच तुलना करायला तेवढेही पुरते.

दुसरी चाचणी जेलची. १०, १२, १४, १६ आणि १८ टक्क्यांची द्रावणे काचनळ्यांत भरा, ९५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, रात्रभर ४ अंशांवर गार करा. सकाळी एकेक नळी उलटी धरा. ज्या सर्वांत कमी टक्केवारीला जेल न घसरता जागेवर राहते, तो तुमच्या पावडरीचा आकडा. ही चाचणी मी एकदाही चुकवत नाही. वाळवताना कुठे जादा उष्णता लागली असेल तर हा आकडा लगेच वर सरकतो.

पावडरीचा धागा करणे

पावडर भुसभुशीत, आणि मांसाला आडवे-उभे धागे. हे अंतर एक्स्ट्रूडर कापतो. दोन मळसूत्रे एका बंद नळीत फिरतात, पिठाला दाबतात, तापवतात, कातरतात; प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती वितळल्यासारखी वाहू लागतात.

ओलावा २० ते ३५ टक्के ठेवला तर तोंडातून बाहेर येताक्षणी आतले पाणी वाफ होऊन उडते, माल फुगतो आणि स्पंजासारखे कोरडे तुकडे मिळतात. सोयाबीनच्या वड्यांचे तंत्र हेच. ते महिनोन् महिने टिकतात, भिजवून वापरता येतात. शिकणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

खरा धागा जास्त ओलाव्यात, ५० ते ७० टक्क्यांवर येतो. नळीत १३० ते १५० अंश तापमान असते, आणि पुढे लांब, चपट्या पोकळीचा कूलिंग डाय जोडलेला असतो. त्यात माल १०० अंशांच्या खाली येतो, म्हणून वाफ फुटत नाही. भिंतीलगतचा थर आधी गार होऊन संथ होतो, मधला गरम थर वेगाने पुढे जातो. या ओढीत प्रथिनांचे थर प्रवाहाच्या दिशेने लांबतात आणि गार होता होता तसेच थिजतात. पट्टी हाताने उभी फाडून पाहा : धागे सरळ रेषेत नसतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखे मध्याकडे पुढे आलेले असतात. आतल्या वेगाचा तो नकाशाच असतो. धागे दिसत नसतील आणि पट्टी रबरासारखी तुटत असेल, तर आधी ओलावा दोन टक्के कमी करून पाहा, मग तापमान पाच अंश वाढवा. दोन्ही एकदम बदलू नका. वाटाण्यासोबत गव्हाचे ग्लुटेन मिसळले तर धागा लवकर जमतो, पण मग सीलिएक रोग असलेल्यांसाठी तो पदार्थ बाद.

यंत्र सुरू करताना पाणी जास्त ठेवून हळूहळू खाली आणा. बंद करताना आधी पावडर कमी करा, पाणी चालू ठेवा. उलटे केलेत तर माल आत करपून दगड होतो, आणि डाय सोलवटून काढण्यात दिवस जातो.

बुरशी आणि कीटक : वेगळे काय करावे लागते

बुरशीला धागा निसर्गानेच दिलेला असतो. फ्युजेरियम व्हेनेनेटम ही बुरशी १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या मार्लो गावच्या मातीतून मिळाली आणि तिच्यापासूनचे मायकोप्रोटीन १९८५ पासून विक्रीला आले. ती ग्लुकोजच्या द्रवात, अमोनिया देऊन, २८ ते ३० अंशांना वाढवतात. इथली निर्णायक पायरी म्हणजे आरएनए कमी करणे. वेगाने वाढणाऱ्या पेशींत आरएनए भरपूर असते आणि माणसाच्या शरीरात त्याचे यूरिक आम्ल होते. म्हणून काढणीनंतर बुरशीचा द्रव ६८ अंशांच्या आसपास २०-३० मिनिटे ठेवतात. पेशीतली विकरेच आरएनए तोडतात आणि ते बाहेर झिरपते. कोरड्या वजनाच्या हिशेबात ते २ टक्क्यांच्या आत येते. यात वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग जातो, आणि तो सोसावाच लागतो. पुढे गोठवताना बर्फाचे स्फटिक तंतूंना एकत्र दाबतात, त्यातून चावा येतो.

कीटकांत पिवळा मीलवर्म सर्वांत रुळलेला. युरोपीय संघाने २०२१ मध्ये वाळवलेल्या मीलवर्मला अन्न म्हणून मान्यता दिली. काढणीआधी अळ्यांना दिवसभर उपाशी ठेवून आतडे रिकामे करतात, मग गोठवणे, उकळत्या पाण्याची झळ, वाळवणे, तेल दाबून काढणे आणि दळणे. त्यांच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, त्यामुळे गुणक ६.२५ नाही, ४.७६ घ्यावा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना कीटकही बाधू शकतात. पाकिटावर ते ठळक लिहा. हाच नियम वाटाण्यालाही लागू, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही जणांना वाटाण्याची प्रथिनेही सोसत नाहीत.

पोषणात कडधान्याची उणीव मेथिओनिनची आणि तृणधान्याची लायसीनची. दोन्ही एकत्र आणली की ती एकमेकांना भरून काढतात, म्हणून मिश्रण ठरवताना स्वस्त-महागाइतकेच हेही पाहावे.

१० किलोंवरून ५०० किलोंवर जाताना

माप पन्नासपट होते तेव्हा वेळ बदलते. १०० लिटरच्या टाकीत आम्ल मिसळायला दहा मिनिटे लागली. ५,००० लिटरच्या टाकीत तेवढ्याच वेळात ओतले तर धारेखालचा भाग २ सामूवर आणि कोपरा ७ वर असतो. आम्ल टाकीत सोडण्यापेक्षा वाहत्या नळीत, मिसळणीच्या तोंडाशी सोडा. साका सेंट्रिफ्यूजमधून निघायला छोट्या बॅचला वीस मिनिटे, मोठ्या बॅचला चार तास. म्हणजे शेवटचा साका पहिल्यापेक्षा चार तास जास्त आम्लात. त्यासाठी डिकँटर, म्हणजे आडवा सेंट्रिफ्यूज, सतत चालणारा घ्या, आणि एवढी मोठी टाकी एकदम न भरता तीन-चार भाग करून भरा. यंत्रे धुताना क्लोरीनचे जंतुनाशक आणि आम्ल एका नळीत कधीही येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. मधे साध्या पाण्याची धुणी हवीच. प्रत्येक बॅचची २०० ग्रॅम पावडर तारीख, सामूचे आकडे आणि ड्रायरच्या बाहेरच्या हवेचे तापमान लिहून वेगळी ठेवा. तीन महिन्यांनी कुणी पावडर विरघळत नाही म्हणून परत आणली, तर पहिल्यांदा ती बरणी उघडा आणि काचनळी उलटी करून पाहा.